मेपलखालचा व्हाइट वुड अ‍ॅस्टर आडवा पडतोय

अंगणवेडी (न्यू जर्सी):
मागच्या अंगणात मोठा मेपल आहे. त्याच्याखाली गवत कधी टिकलं नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी इथल्याच जंगलात वाढणाऱ्या व्हाइट वुड अ‍ॅस्टर या पांढऱ्या फुलझाडाची तीन रोपं लावली. सकाळी दोन-अडीच तास ऊन मिळतं, मग दिवसभर नुसते कवडसे. पहिल्या वर्षी जेमतेम चार-पाच पानं आली. यंदा मात्र काळपट खोडं दोन फुटांवर गेली आणि ऐन कळ्या फुटायच्या वेळी सगळा झुपका वाटेवर लोळला. दर वसंतात कंपोस्ट घालते, एक दिवसाआड पाणी देते. ऊन कमी पडतंय का? पानांना भोकंही पडली आहेत, कडुनिंबाचं तेल फवारू का? हे झाड मला इथे रुजवायचंच आहे.

पाचोळा (पेन्सिल्व्हेनिया):
ऊन पुरेसं आहे. खाऊपिऊ जास्त होतंय. हा पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या भागातल्या पानगळीच्या जंगलांतला, कोरड्या सावलीला सरावलेला. कंपोस्ट आणि वरचेवरच्या पाण्याने खोडं लांब, लुसलुशीत होतात आणि फुलांच्या भाराने वाकतात. कंपोस्ट बंद करा. झाडाखाली पडलेला पाला तसाच राहू द्या, तेवढं खत त्याला पुरतं. पाणी फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत, पण तेव्हा मुळांपर्यंत पोचेल असं.

मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला प्रत्येक खोडाचा वरचा एक तृतीयांश भाग खुडा. फुलं थोडी उशिरा येतील, पण बाजूच्या फांद्या फुटून झुडूप बुटकं आणि घट्ट होईल. जुलैनंतर मात्र कात्री लावू नका, तोवर कळ्यांची तयारी सुरू झालेली असते. माझ्याकडे शेजारी ख्रिसमस फर्न हा नेचा आहे, उरलेली खोडं त्याच्यावर टेकतात. काठ्या बांधायची वेळच येत नाही.

तेल कृपा करून फवारू नका. आधी पान उलटून बघा. पर्ल क्रिसेंट हे नारिंगी-काळं छोटं फुलपाखरू अ‍ॅस्टरच्या पानांमागे अंडी घालतं. काटेरी, तपकिरी सुरवंट दिसले तर ती भोकं त्यांची. त्यांना खाऊ द्या, एवढ्याने झाड मरत नाही.

उत्तरवारा (ऑन्टारियो):
एक विनंती. अजून रोपं हवी असतील तर जंगलातून उपटू नका. आमच्याकडे कॅनडात ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. तुमच्याच झाडाचं बी घ्या: फुलाचा पिवळा मध्य तांबूस-जांभळा होतो, पुढे त्याचा वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्यांसारखा पिसारा होतो, तेव्हा ते तयार. नोव्हेंबरात कुंडीतल्या मातीवर भुरभुरवा, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि कुंडी हिवाळाभर बाहेरच ठेवा. ही थंडी बियांना लागतेच.

अंगणवेडी:
वर्षभराने लिहितेय. दोन झुपके ५ जूनला खुडले, तिसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. खुडलेले दीड फुटांवर थांबले आणि कालच्या पावसातही ताठ उभे होते. तिसरा कलला आहे, पण कंपोस्ट नसल्यामुळे गेल्या वर्षीइतका नाही. पानांमागे सात सुरवंट सापडले होते. तेलाची बाटली तेव्हाच शेजारणीला देऊन टाकली. सध्या फुलांवर इतक्या बारीक मधमाश्या असतात की सकाळचा चहा मी तिथेच, पायरीवर घेते. बियांची कुंडी कुठल्या दिशेला ठेवू, उत्तरवारा?