व्याजदर उतरत असताना 20 लाखांच्या मुदत ठेवीचे काय करावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे वय 66 असून मी खासगी कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झालो आहे. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन किरकोळ असल्यामुळे घरखर्च मुख्यतः ठेवींच्या व्याजावर चालतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेत साडेसात टक्क्यांनी ठेवलेल्या 20 लाखांची मुदत पुढील महिन्यात संपत आहे आणि तीच बँक आता ज्येष्ठ नागरिकांना साडेसहा टक्क्यांच्या आसपास दर देत आहे. म्हणजे महिन्याकाठी जिथे 12,500 रुपये येत होते, तिथे सुमारे 10,800 येतील आणि औषधपाण्याचा खर्च तर वाढतच आहे. गावातील एक पतसंस्था 10 टक्के देते, तिला लेखापरीक्षणात 'अ' वर्ग आहे आणि संचालक मंडळ ओळखीचे आहे. पुतण्याचे म्हणणे असे की, व्याजदर उतरत असताना गिल्ट फंड हा म्युच्युअल फंड घ्यावा, कारण त्यात सरकारी रोखे असल्याने पैसे बुडण्याची भीती नाही आणि परतावाही ठेवीपेक्षा जास्त मिळतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च:
काका, आधी हे दर का उतरले ते पाहू. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षे रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवर ठेवला होता आणि आपली ठेव त्याच चढ्या दरांच्या काळातली आहे. फेब्रुवारी 2025 पासून वर्षभरात चार वेळा कपात होऊन डिसेंबरमध्ये तो सव्वापाच टक्क्यांवर आला. बँका नव्या ठेवींचे दर त्यापाठोपाठ उतरवतात. पोस्टाच्या अल्पबचत योजनांचे दर मात्र अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवते आणि ते रेपोच्या गतीने खाली आलेले नाहीत. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अजूनही 8.2 टक्के मिळतात, आणि खाते उघडतानाचा दर पाचही वर्षे कायम राहतो, मग पुढे सरकारने तो कितीही कमी केला तरी फरक पडत नाही. आपण हे खाते आधी उघडलेले नसेल, तर माझ्या मते पहिला विचार याचाच करावा. मर्यादा माणशी 30 लाखांची आहे आणि खाते पोस्टात किंवा बँकेतही उघडता येते.

सगळे 20 लाख मात्र तिथे अडकवू नका. वर्षाच्या आत खाते मोडल्यास व्याज मिळत नाही, पुढच्या वर्षात मोडल्यास मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. 16 लाख या योजनेत आणि 4 लाख बँकेत ठेवले, तर योजनेतून तिमाहीला 32,800 रुपये येतील आणि बँकेतील रकमेचे साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 26,000, म्हणजे सरासरी महिन्याला 13,100 रुपये होतात. आजवर मिळत होते त्यापेक्षा थोडे अधिकच. बँकेतील 4 लाखही एकाच पावतीत न ठेवता एक, दोन आणि तीन वर्षांच्या वेगवेगळ्या पावत्या कराव्यात. आज आपल्यासमोर जी अडचण उभी आहे, ती सर्व रक्कम एकाच तारखेला आणि नेमकी उतरत्या दरात मोकळी झाल्यामुळे आली आहे.

सहकार_वाचक:
मी फक्त पतसंस्थेबद्दल लिहितो, कारण हा मुद्दा आपल्याकडे फार सहज घेतला जातो. बँकेतील ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो, सहकारी असो वा स्मॉल फायनान्स, व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण असते. ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मिळते. पतसंस्था ही सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचे तिच्यावर नियंत्रण नाही आणि हा ठेवविमाही तिला लागू होत नाही. 'अ' वर्ग हा मागील वर्षाच्या हिशेबावर दिलेला असतो, पुढील वर्षी कर्जे थकणार नाहीत याची हमी त्यात नसते.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, तेव्हा मुंबई-ठाण्यातील अनेक वृद्ध ठेवीदारांची औषधांच्या पैशांसाठीही ओढाताण झाली. त्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाखांवर नेण्यात आली आणि जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तरीही 5 लाखांवरील ठेवी असलेल्यांना उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचा कालावधी सांगण्यात आला. विमा असलेल्या बँकेत ही स्थिती, तर जिथे तोही नाही तिथे ज्येष्ठ नागरिक योजनेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून उपजीविकेची रक्कम ठेवू नये, असे मी कळकळीने सांगतो. संचालक ओळखीचे आहेत म्हणून कर्जदार हप्ते भरतीलच असे नाही.

रोखेबाजार:
पुतण्याचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. सरकार रोख्याचे पैसे बुडवणार नाही हे खरे, पण रोख्याची बाजारातील किंमत खाली येऊ शकते आणि फंडाचे मूल्य त्या किमतीवरच ठरते. बाजारात व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कोणी पूर्ण किंमत देत नाही. साडेसहा टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा 100 रुपयांना घेतला आणि बाजारातील दर साडेसातवर गेला, तर त्याची किंमत सुमारे 93 रुपये होते. दर उतरले की उलट घडते, आणि 2025 च्या मेपर्यंत या फंडांना जो चांगला परतावा मिळाला तो त्यामुळेच.

पण पुढे काय झाले तेही पाहा. मेअखेर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा बाजारातील व्याजदर सव्वासहा टक्क्यांच्या जवळ होता. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने एकदम अर्धा टक्का आणि डिसेंबरमध्ये आणखी पाव टक्का कपात केली, तरी वर्षाच्या शेवटी तो दर साडेसहाच्या वर गेला होता, म्हणजे रोख्यांच्या किमती उतरल्या होत्या. रेपो ही अल्पमुदतीच्या पैशाची किंमत आहे. दीर्घ मुदतीचा दर सरकार पुढे किती कर्ज उचलणार आणि महागाई कुठे जाणार, या अंदाजांवर हलतो. कपातीची अपेक्षा बाजाराने आधीच किमतीत धरलेली असल्यामुळे बातमी वाचून फंड घेणाऱ्याला उशीर झालेला असतो. शिवाय 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा फंडांच्या नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो, म्हणजे ठेवीच्या तुलनेतील जुनी करसवलतही राहिलेली नाही. ज्या पैशांवर दरमहा घर चालते, ते इथे नसावेत. पुतण्याच्या स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या बचतीसाठी मात्र मी या फंडाला नाही म्हणणार नाही.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. पतसंस्थेचा विचार मी सोडला आहे. दोन शंका उरल्या. रिझर्व्ह बँकेचे 8.05 टक्क्यांचे बचत रोखे ज्येष्ठ नागरिक योजनेपेक्षा बरे का? आणि व्याजातून कर कापला जाईल का?

जमाखर्च:
ते रोखे तरत्या दराचे आहेत. पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्के अधिक, असा त्यांचा दर दर सहा महिन्यांनी ठरतो, त्यामुळे पुढे तो उतरू शकतो. मुदत सात वर्षांची, व्याज सहामाही, आणि आपल्या वयाच्या व्यक्तीला सहा वर्षे पूर्ण होण्याआधी पैसे काढता येत नाहीत. आपल्याला ठरावीक रक्कम हवी असल्याने बचत योजनाच योग्य वाटते. 30 लाखांची मर्यादा संपलेल्यांनी या रोख्यांचा विचार करावा.

कराबाबत सांगायचे तर, एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांचे व्याज एका बँकेतून किंवा पोस्टातून वर्षाला 1 लाखापेक्षा जास्त झाले, तरच कर कापला जातो. 16 लाखांवरील व्याज 1,31,200 रुपये होत असल्याने आपण त्यात येता. परंतु नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो. आपले एकूण उत्पन्न त्याच्या आत असेल, तर व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा अर्ज (मार्च 2026 पर्यंत 15 एच) खाते उघडतानाच द्यावा आणि पुढे प्रत्येक एप्रिलमध्ये नव्याने द्यावा. काकूंचे वय 60 पूर्ण असेल, तर पुढील ठेव मोकळी होईल तेव्हा त्यांच्या नावाने स्वतंत्र खाते उघडता येईल.