पहिल्या ओळीत दिसलेली कोल्हापुरी

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील संभाषण; आकडे हे घरांचे क्रमांक)

३०२ : सर्वांना नमस्कार. बाबांनी ऑनलाइन मागवलेली 'अस्सल कोल्हापुरी' काल आली. तळ चिकटवलेला आहे, कडेचे रेक्झिन आत्ताच सुटू लागले आहे आणि चामड्याच्या वादीचा एकही टाका नाही. कोल्हापुरातली चपलांच्या दुकानांची चप्पल लाइन इतकी जवळ असताना त्यांनी ही खरेदी केली, कारण दोन आठवड्यांपूर्वी चपलांचा एक व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि तेव्हापासून फोन उघडला की चपलाच समोर येतात.

१०४ : मी मागेही लिहिले होते. फोन आपले बोलणे ऐकतो. मायक्रोफोनची परवानगी बंद करावी.

४०१ : आप्पा, आदर राखून सांगतो, ऐकण्याची गरजच पडत नाही. काय शोधले, कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलो, काय निवडून न घेता सोडून दिले, एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. एक वस्तू घेणारे दुसरी कोणती घेतात हे जुळवून शिफारस करण्याची पद्धत ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्येच लेखातून मांडली होती. यूट्यूबनेही २०१२ पासून व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला अधिक वजन दिले.

२०३ : मी आणि सूनबाईंनी आत्ता शेजारी बसून 'कोल्हापुरी चप्पल' हेच शब्द शोधले, तर दोघींना क्रम वेगळा दिसला. माझ्याकडे वरच्या वस्तूंखाली फिकट, बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे होते. चष्मा लावल्यावरच ते वाचता आले. म्हणजे ती जागा पैसे भरून मिळवलेली आहे.

५०२ : सरसकट दोष देऊ नये. माझा कांदा-लसूण मसाला पुण्यापर्यंत याच यंत्रणेने पोहोचवला. या ग्रुपवर मात्र मी फोटो टाकला, तेव्हा तो जाहिरात म्हणून काढायला लावला होता. तरीही हे मान्य करते की दोन महिने व्हिडिओ टाकले नाहीत, तर मागणी निम्म्यावर आली. मिरची तीच, हात तोच, फक्त मी लोकांना दिसेनाशी झाले.

सचिव : वहिनी, तो निर्णय बैठकीत सर्वांनी मिळून घेतला होता. कृपया मूळ विषयावरच लिहावे.

५०२ : मी विषयावरच लिहिले आहे.

१०४ : मायक्रोफोनची परवानगी बंद करावी, हे पुन्हा सांगतो.

३०२ : बाबांना 'फक्त २ शिल्लक' असे दिसले आणि शेजारी घड्याळ उलटे धावत होते, म्हणून त्यांनी घाई केली. आज पाहिले, तरीही २ च शिल्लक आहेत.

४०१ : खोटी घाई दाखवणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतील १३ फसव्या प्रकारांपैकी एक आहे. स्क्रीनशॉट ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शिवाय कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून ८ जिल्हे येतात. पण विक्रेत्याने नावात 'कोल्हापुरी' लिहिले की शोधयंत्राला तो शब्द सापडतो, चामडे कुणी तपासत नाही.

२०३ : बाबांना कुणी रागावू नका. गेल्या महिन्यात गुडघ्याच्या तेलाच्या बाबतीत माझेही असेच झाले होते. लाज वाटली म्हणून बोलले नव्हते.

३०२ : काकू, ते कालपासून गप्प आहेत. तक्रार आज नोंदवते आणि रविवारी त्यांना चप्पल लाइनला घेऊन जाते. तुम्हीही चला, त्यांना बरे वाटेल.