जुनी युद्धनौका बेलापूरच्या खाडीकिनारी आणावी का?

बेलापूरकर (धागाकर्ता):
निवृत्त झालेली एखादी युद्धनौका बेलापूरच्या खाडीत संग्रहालय म्हणून कायमची उभी करावी, असे माझे ठाम मत आहे. 1961 ते 1997 नौदलाच्या सेवेत राहिलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' पुढे मुंबईत संग्रहालय झाली, तेव्हा मी ती शाळेच्या सहलीत पाहिली. तापलेल्या डेकची धग चपलेतून तळपायाला लागत होती, आणि 1971 च्या युद्धात याच डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले, हे ऐकल्यावर आमच्या वर्गाची कुजबुज एकदम थांबली. ते संग्रहालय 2012 मध्ये बंद झाले, 2014 मध्ये नौका भंगारात निघाली आणि मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली. 'विराट' ही विमानवाहू नौकाही 2020 मध्ये तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगला गेली. लंडनने 'बेलफास्ट' ही युद्धनौका 1971 पासून थेम्स नदीत जपली आहे. सिडनीच्या डार्लिंग हार्बरमध्ये 'व्हँपायर' ही विनाशिका आणि 'ऑन्सलो' ही पाणबुडी लोक आत शिरून पाहतात. मग शिवरायांच्या आरमाराची सुरुवात ज्या कल्याण-भिवंडीच्या खाडीत झाली, त्या परिसराने मागे का राहावे?

सुकी गोदी, कोपरखैरणे:
आपली तळमळ मला पटते, खाडीतील जागा मात्र पटत नाही. जहाजदुरुस्तीत माझी सव्वीस वर्षे गेली. पाणी आणि हवा जिथे आलटून पालटून लागते, त्या पट्ट्यात लोखंड सर्वांत लवकर खाल्ले जाते. वरून रंग ठीक दिसणाऱ्या पत्र्यावर हातोडी मारली की गंजाचे पापुद्रे गळून पडतात आणि कधी कधी हातोडीचे टोक आरपार जाते. लोखंडाऐवजी आधी स्वतः झिजावेत म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावले तरी ते झिजतात व बदलावे लागतात, आणि तळाचे काम नीट करायचे तर नौका सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, न्यावीच लागते. अमेरिकेत बफेलो शहराच्या किनाऱ्यावरील 'द सुलिव्हन्स' ही 1943 मध्ये जलावतरण झालेली विनाशिका एप्रिल 2022 मध्ये तळाला गळती लागून कलली आणि अर्धवट बुडाली, तीही गोड्या पाण्यात. आपल्याकडे खारे पाणी, वर गाळ. ओहोटीला नौका चिखलात टेकणार, भरतीला पुन्हा उचलली जाणार, आणि ही ओढाताण दिवसातून दोनदा त्या जुन्या सांगाड्याने सोसायची. 'विक्रांत' लोकांसाठी बंद झाली तीही सुरक्षिततेच्याच कारणाने, हे विसरू नये.

ऐरोली खाडीकाठ:
माझा आक्षेप वेगळा आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. बेलापूर त्या हद्दीत येत नसले, तरी तेथील कांदळवनही तेवढेच मोलाचे आहे. मोठी नौका आणायची म्हणजे गाळ उपसणे आले, आणि त्या गाळातच पक्ष्यांचे अन्न असते.

नौपाडा:
दोघांचेही म्हणणे रास्त आहे, पण त्यातून 'नौका नकोच' असा निष्कर्ष निघत नाही. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी एकतीस वर्षांच्या सेवेनंतर 2001 मध्ये निवृत्त झाली, तिला वाळूवर ओढून पायावर बसवले आणि 2002 पासून लोक ती आतून पाहत आहेत. तळ कोरडा असल्याने पत्रा कुठे खराब होतो आहे, हे केव्हाही खाली वाकून पाहता येते. नौदलाने कल्याणला दुर्गाडीजवळ दिलेली 'टी-80' ही तर अगदी लहान नौका आहे. आपणही लहान नौकेपासून सुरुवात करावी.

बेलापूरकर (धागाकर्ता):
खाडीच्या पाण्यातील जागेचा आग्रह मी सोडतो. ओहोटीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मात्र नौका लहान असली, तरी तिच्या इंजिनघरापर्यंत मुलांना उतरता आले पाहिजे. बाहेरून कठड्याआड दाखवायची असेल, तर चौथऱ्यावरच्या तोफेत आणि तिच्यात फरक तो काय राहिला?

सुकी गोदी, कोपरखैरणे:
जमिनीवर, कांदळवनाला धक्का न लावता उभी करणार असाल, तर माझा विरोध नाही. फक्त उद्घाटनाच्या खर्चाआधी पुढील वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद लेखी मागा. खाऱ्या वाऱ्यात जमिनीवरचे लोखंडही गंजते.