मदत हवी आहे: 50 मीटर प्रोनसाठी (पालथं पडून नेमबाजी) कोणतं .22 काडतूस ठेवू?

नमस्कार मंडळी. बेळगावात सराव चालतो. बोल्ट अ‍ॅक्शन .22 लाँग रायफल, नळी 26 इंची, नळीतल्या खाचांचा पीळ 16 इंचांत एक फेरा.

दोन काडतुसं तपासली. दोन्हींत गोळी 40 ग्रेनची (सुमारे 2.6 ग्रॅम), वेग साधारण 327 मी/से. पश्चिमेचा वारा सुटायच्या आत, सकाळी, वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके). पहिल्याचा आडवा पसारा 11 मिमी, पण उभा 24! दुसऱ्याचा दोन्हीकडे 16. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळच 10.4 मिमीचं, म्हणून उभा पसारा फार खटकतो.

काडतूस बदललं की पहिल्या 30 गोळ्या मोजत नाही. गोळीवरच्या नव्या मेणाचा थर नळीत बसेपर्यंत ग्रुप फाकतो. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने बघितले, चेंबरच्या तोंडाशी साचलेला कार्बन काढला. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पहिल्याच्या वेगात 15 मी/से फरक येतो, पण त्यातून 50 मीटरवर उंचीत जेमतेम 11 मिमी निघतात, 24 चा हिशेब लागत नाही.

परवान्यावरचा कोटा मर्यादित, त्यामुळे एकच लॉट (एका वेळी बनलेला साठा) घेता येईल. फायरिंग पिनची (काडतुसावर आदळून ते पेटवणारी पिन) स्प्रिंग अजून बदललेली नाही. आधी ती बदलून पहिलंच पुन्हा तपासावं, त्याचाच वेगळा लॉट घ्यावा, की सरळ दुसरं घ्यावं?