न्यूयॉर्क ते लंडन: जाताना सात तास, येताना आठ? कोणतं विमान घ्यावं?

मेघना_प:
मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला जायचंय. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी महत्त्वाची मीटिंग आहे. अंतर तेवढंच, मग जाताना सात तास आणि येताना आठ असं का दाखवतात? आणि रात्रीचं विमान घ्यावं की सकाळचं? फार वेळ बसलं की आईचे पाय सुजतात. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

आकाशवेडा:
न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ५,५४० किमी. फरक वाऱ्याचा आहे. विमानं ज्या उंचीवरून उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात फार जोरात. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून गेलं होतं!
तिकिटावरची वेळ मात्र गेट ते गेट असते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं.

सुलेखा_ताई:
मेघना, सकाळचंच घे. रात्री सातला निघालीस तर जेवण, आवराआवर, मग पहाटेचा नाश्ता, यात झोप कशीबशी तीन-चार तास. उतरशील तेव्हा तिथे सकाळचे सहा आणि तुझ्या शरीराला रात्रीचे दोन. हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही. आईला घेऊन लॉबीत ताटकळत बसायचं का? सकाळी आठला निघालीस तर संध्याकाळी सातच्या सुमारास पोचशील. दिवसा आईला अधूनमधून उठून चालताही येतं, तिला मधल्या वाटेच्या कडेची सीट दे. दिवसाची विमानं कमी असतात, लवकर बुक कर.

निशाचर:
ताई, आईंसाठी पटतं, पण मीटिंगसाठी नाही. संध्याकाळी पोचलं की पहिल्या रात्री झोप लागत नाही; लंडनचे अकरा म्हणजे शरीराचे संध्याकाळचे सात. रात्रीच्या विमानाने गेलं, दिवस रेटला, की रात्री दहाला माणूस आडवा.

आकाशवेडा:
तुमच्या तारखांना दोन्ही शहरांच्या घड्याळांत फरक चार तासांचाच आहे, एरवीसारखा पाच नाही. उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. घरच्यांना पोचायची वेळ कळवताना हे धरा.
आणि निशाचर म्हणतात ते खरं आहे. म्हणून माझं मत: सकाळचंच विमान, पण एक दिवस आधी. मधली एक रात्र शरीराला द्या.

मेघना_प:
ताई, आकाशवेडा, निशाचर, मनापासून आभार. एक दिवस आधीचं सकाळचं विमान घेते, सुट्टी वाढवून मिळेल. आईची सीट कडेची आणि स्वच्छतागृहाच्या जवळची. परतीचं एप्रिलमध्ये आहे, तेव्हा फरक पाच तासांचा ना? सकाळी अकराचं विमान दिसतंय.

आकाशवेडा:
हो, पाच. अकराला निघालात तर आठ तासांनी, न्यूयॉर्कच्या दुपारी दोनला उतराल. चांगली वेळ आहे, तेच घ्या.

सुलेखा_ताई:
आईंच्या डॉक्टरांना पाय सुजू नयेत म्हणून घालायच्या घट्ट, दाबाच्या मोज्यांबद्दल निघण्याआधी विचारून घे. आणि विमानात पाणी वरचेवर द्यायला विसरू नकोस.