लिनक्सला वायफाय कार्ड ओळखता येत नाही: ड्रायव्हरशी झुंजायचं की कार्डच बदलायचं?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

ऐरोली-महापे भागातल्या कंपन्यांचे लीज संपलेले लॅपटॉप बरेचदा ठाण्या-नवी मुंबईतल्या अभ्यासिका आणि वाचनालयांकडे येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले, तेव्हापासून त्यांवर लिनक्स टाकण्याकडे कल वाढलाय. चांगलंच आहे. पण इन्स्टॉल झाल्यावर वायफाय दिसत नाही, मग कुणीतरी उत्साही मुलगा गिटहबवरून (जिथे कुणीही आपला कोड ठेवतो) ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, उतरवतो, कंपाइल करतो म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधतो, वायफाय चालू होतं, आणि मुलगा निघून जातो.

माझं स्पष्ट मत: सार्वजनिक वापराच्या यंत्रावर कर्नलबाहेरचा ड्रायव्हर चढवूच नये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बरेच ड्रायव्हर त्यातच असतात). पुढे काय होतं ते सांगतो. कर्नल अपडेट होतो. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा तो ड्रायव्हर, पुन्हा बांधावं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन ते आपोआप करतं, पण त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) हजर असतील तरच. नसतील तर मॉड्यूल बांधलं जात नाही आणि वायफाय जातं. हेडर्स आणायचे तर इंटरनेट हवं, आणि ते तर त्याच वायफायवर होतं! हेडर्स असले तरी कर्नलची आतली फंक्शन्स बदलतात आणि दोन वर्षं कुणी हात न लावलेला कोड कंपाइलच होत नाही.

त्यापेक्षा मागचं झाकण उघडा, इंटेलचं एएक्स२१० हे वायफाय कार्ड लावा. कर्नल ५.१० पासून आधार आहे. विषय संपला.

घोडबंदर_गनू

असहमत. रोग कुठला ते न पाहता थेट ऑपरेशन सांगताय तुम्ही.

आधी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड -एनएनके लावून चालवा. वायफायच्या ओळीत चौकटी कंसात आयडी दिसतो आणि त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असते किंवा नसते. ती असूनही वायफाय नसेल, तर ड्रायव्हर सापडलाय, पण बहुतेक फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) सापडत नाहीये. डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये फर्मवेअर लोड न झाल्याचा संदेश आणि वजा २ हा एरर दिसेल. म्हणजे फाइलच नाही. पॅकेज टाकलं की काम झालं. यासाठी स्क्रू उघडणार?

ओळच नसेल तर कर्नल जुना आहे का ते बघा. रिअलटेक ८८५२बीई, आयडी १०ईसी:बी८५२, स्वस्त लॅपटॉपांत भरपूर सापडतं. त्याचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीचा कर्नल ६.१. एका पायरीने हुकलं! लोक इथेच 'लिनक्समध्ये चालत नाही' असं ठरवून मोकळे होतात. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं देणारं भांडार) नवा कर्नल घ्या, फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेजही तिथूनच घ्या (नाहीतर पुन्हा वजा २), किंवा सरळ डेबियन १३ टाका, त्यात ६.१२ आहे. हे कर्नल डेबियननेच सही केलेले असतात, त्यामुळे सिक्युअर बूटचीही (सही नसलेला कर्नल किंवा मॉड्यूल चालू न देणारी सोय) कटकट नाही.

हे उतरवायला इंटरनेट कुठून, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

ऐरोलीकर

नवा कर्नल घ्यायला माझी ना नाहीच, तो कर्नलमधलाच ड्रायव्हर झाला. माझा आक्षेप बाहेरच्या कोडला आहे. मात्र रिअलटेकचंच ८८२१सीई कार्ड घ्या. ड्रायव्हर ५.९ पासून कर्नलमध्ये आहे, तरी दर पाच मिनिटांनी कनेक्शन तुटतं. अशा कार्डाचं काय करायचं? लोणचं?

घोडबंदर_गनू

ते बहुतेक वेळा वीजबचतीचं दुखणं असतं. ईटीसी (/etc) मधल्या मोडप्रोब.डी फोल्डरात एक फाइल करा, तिचं नाव .कॉन्फ ने संपलं पाहिजे. तिच्यात या कार्डाच्या ड्रायव्हरच्या दोन मॉड्यूलांसाठी दोन ओळी: आरटीडब्ल्यू८८_पीसीआय साठी डिसेबल_एएसपीएम=१ आणि आरटीडब्ल्यू८८_कोअर साठी डिसेबल_एलपीएस_डीप=१. मग रीस्टार्ट. बॅटरी थोडी जास्त खाईल, पण अभ्यासिकेतले लॅपटॉप असेही चार्जरलाच असतात.

आणि त्याच यंत्रावर विंडोजही ठेवलं असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज पूर्ण बंद न होता कार्डाला अर्धवट झोपेत सोडतं, मग लिनक्सला ते सुरू करता येत नाही. निम्म्या 'काल चालत होतं, आज नाही' तक्रारींचं मूळ इथे असावं असा माझा अंदाज.

पामबीच

धागाकर्त्यांच्या बाजूने, पण 'विषय संपला' इतकं सोपं नाही. एएक्स२१० म्हणून दुकानदार एएक्स२११ हातात ठेवतो. दिसायला जवळपास जुळी भावंडं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही सीएनव्हीआय कार्डं आहेत, म्हणजे वायफायचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग असतो. एएमडीच्या लॅपटॉपात ती चालणारच नाहीत, कुठलाही कर्नल घाला. एएक्स२०० आणि एएक्स२१० हीच साध्या पीसीआय-एक्सप्रेसवर चालतात. लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर स्टिकरवरचा आकडा दुकानातच वाचा. ग्रँट रोडला दुसरी फेरी कोण मारणार?

बाकी सूचना:

कार्ड सोल्डर केलेलं नाही ना, ते आधी बघा. सडपातळ लॅपटॉपांत अनेकदा असतं. सुटं असेल तर माप २२३० (२२ × ३० मिमी) हवं.

बॅटरीची केबल काढल्याशिवाय आत हात घालू नका. अँटेनाच्या तारा कार्डापासून सरळ वर उचला, आडव्या ओढल्या तर टोकाची कडी तुटते. लावताना बरोबर मध्यावर ठेवून बोटाने दाबा, 'टक्' जाणवलं पाहिजे. नीट बसली नाही तर वायफाय दिसतं पण शेजारच्या खोलीतला राउटर सापडत नाही, आणि मग शिव्या ड्रायव्हरला.

काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की यंत्र सुरूच होत नाही. मॉडेलचं नाव टाकून हे आधी शोधून घ्या.

ब्लूटूथ त्याच कार्डावर असलं तरी ते यूएसबीच्या वाटेने जोडलेलं असतं. ते दिसतंय का हे एलएसयूएसबीमध्ये बघायचं, एलएसपीसीआयमध्ये नाही.

सही_करून_पाठवा

तुम्ही सगळे वायफायपाशीच अडकलात. कार्ड निदान बदलता येतं. माइकचं काय करणार?

एएमडी रायझन ६००० मालिकेच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपांत नेहमीचं दुखणं: स्पीकर वाजतो, आतला माइक यादीतच नाही. कारण स्पीकर एचडीए कोडेकवर (नेहमीची आवाजाची चिप), माइक मात्र थेट एएमडीच्या ऑडिओ कोप्रोसेसरला जोडलेला. ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, पण या मॉडेलला असा माइक आहे हे त्याला कळायला हवं. नव्या बायोसमध्ये एसीपीडीएमआयसीकनेक्टेड अशी खूण असते. ती नसेल तर ड्रायव्हर स्वतःच्या कोष्टकात मॉडेलचं नाव शोधतो. कोष्टक साउंड-एसओसी-एएमडी-वायसी या वाटेवर एसीपी६एक्स-मॅक (acp6x-mach.c) नावाच्या फाइलमध्ये आहे. बोर्डाचा निर्माता आणि मॉडेलचं नाव, एवढीच नोंद.

म्हणून आधी बायोस अपडेट करा. तरी नाही दिसला तर सिस्टिमच्या डीएमआय माहितीतून (निर्मात्याने यंत्रात नोंदवलेली नावं) ही दोन नावं जशीच्या तशी उचला, कोष्टकात घाला, कर्नल बांधून माइक तपासा आणि तो बदल, म्हणजे पॅच, कर्नलच्या विकासकांना पाठवा. एक खबरदारी: साधा डीएमआय_मॅच हा नावाचा तुकडा जुळला तरी 'हो' म्हणतो. अर्धवट नाव टाकलंत तर तुमची नोंद भलत्याच मॉडेलला चिकटेल.

धागाकर्ते बाहेरच्या कोडला विरोध करतात, ठीक. पण तो आत कसा येतो, त्यावर एक शब्द नाही.

ऐरोलीकर

पॅच स्वीकारला जाऊन डेबियनपर्यंत पोचणार कधी? तोवर मुलांची एमपीएससीची पूर्वपरीक्षा होऊन जाईल. हेडफोनच्या भोकात पिनेचा माइक लावला की ऑनलाइन मुलाखतीचा सराव सुरू.

सही_करून_पाठवा

पिनेचा माइक लावाच, कोण नको म्हणतंय? पण 'कधी पोचणार' हा प्रश्न तुम्ही समजता तितका अवघड नाही. नवा आख्खा ड्रायव्हर जुन्या स्थिर कर्नलमध्ये घेत नाहीत, म्हणून ८८५२बीई ६.१ मध्ये कधीच येणार नाही. नवा आयडी किंवा अशी एका मॉडेलची नोंद मात्र स्थिर शाखांमध्ये घ्यायला नियमानेच मुभा आहे. पॅचमध्ये 'सीसी: स्टेबल' (स्थिर शाखांना प्रत) अशी ओळ टाकायची. मग तो नेहमीच्या सुरक्षा अपडेटसोबत जुन्या यंत्रांवरही उतरतो, आणि तेच मॉडेल घेतलेल्या कल्याणच्या वाचनालयाला काहीच करावं लागत नाही.

घोडबंदर_गनू

+१. आयडीचा विषय निघालाच आहे तर: चिप तीच, फक्त आयडी यादीत नाही असा संशय असेल, तर कंपाइल न करताही तपासता येतं. मॉड्यूल मोडप्रोब कमांडने लोड करा, मग सिस (/sys) फोल्डरात त्या ड्रायव्हरखाली न्यू_आयडी नावाची फाइल असते, तिच्यात निर्मात्याचा आणि उपकरणाचा आकडा लिहा. ड्रायव्हर लगेच त्या कार्डाला हात घालून बघतो. रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं, म्हणून चाचणीलाच वापरा. मात्र चिपची पिढीच वेगळी असेल तर टाइमआउट येतो, वजा ११०, कधी यंत्रही गोठतं. नाव जवळचं दिसतं म्हणून आयडी ठोकून देऊ नका.

खाडीपलीकडे

धागाकर्त्यांच्या 'चढवूच नये' वर आक्षेप. २०१३ ते २०१७ ची मॅकबुक एअर घ्या. त्यांतलं ब्रॉडकॉम ४३६० कर्नलमधल्या खुल्या ड्रायव्हरवर चालत नाही, आणि ॲपलचा कनेक्टर वेगळा असल्याने एएक्स२१० आत बसतच नाही. तिथे ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस शिवाय आतलं वायफाय नाही. तो ड्रायव्हर बंद कोडचा आहे, पण निदान डेबियनच्या भांडारातला आहे, कुणाच्या गिटहबवरचा नाही.

डीकेएमएस मरतं ते हेडर्सचं एकाच आवृत्तीचं पॅकेज टाकल्यामुळे. डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज टाका, प्रत्येक नव्या कर्नलसोबत हेडर्स येत राहतील. जुना कर्नल ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना कर्नल निवडायची यादी) ठेवा. मॅकवर प्रश्न नाही, पण इतर लॅपटॉपांवर सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूल सहीअभावी नाकारलं जातं. एमओकेयुटिल कमांडने सहीची किल्ली आयात करा, तात्पुरता पासवर्ड द्या. रीस्टार्टला निळा पडदा येतो, दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर पुढे निघून जातो आणि आयात पुन्हा करावी लागते. लोक चहा आणायला जातात ते नेमके याच वेळी.

ऐरोलीकर

मॅकबुकचा मुद्दा मान्य, तरी मी तिथे यूएसबीवरचं मीडियाटेक एमटी७९२१एयू डोंगल लावीन. कर्नल ५.१८ पासून आत आहे, कंपाइल शून्य.

पामबीच

लावा, पण त्या एअरला यूएसबीची दोनच भोकं आहेत. एकात डोंगल, दुसऱ्यात माउस, मग पेनड्राइव्ह कुठे? हबचाही खर्च धरा. आणि डोंगल अभ्यासिकेतून खिशात घालून नेता येतं, आतलं कार्ड नाही.