चर्चा: बडोद्याला अजून मोठ्या कंपन्या हव्यात का मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांची बिलं वेळेवर?

मकरपुरावाला
टाटा-एअरबसचं नाव निघालं की आपल्या बडोदेकरांची कॉलर टाईट होते, माझीपण होते, खोटं कशाला बोलू. हवाई दलाच्या ५६ पैकी ४० सी-२९५ मालवाहू विमानं इथे बनणार म्हणजे चेष्टा नाही. पण लगेच "आता बडोदा केमिकलच्या बाहेर पडलं, इकॉनॉमी डायव्हर्सिफाय झाली" असं जे चालू होतं ना ते काही पटत नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी दोन मोठी गिऱ्हाइकं आली, एवढंच झालं.

माझ्याकडे दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि काही जुने लेथ, व्हॉल्व्हचे पार्ट करतो, जवळपास सगळं काम रिफायनरी-केमिकलवाल्यांच्या मेंटेनन्सवर. दुसऱ्या लाईनीत जायचं तर पैसा लागतो आणि पैसा अडकलाय उघराणीत. माल गेला की त्यांचा क्यूसी म्हणजे तपासणीवाला बघणार, मग जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती निघणार, आणि छोट्यांचे पैसे द्यायची कायद्यातली ४५ दिवसांची मुदत ते तिथून मोजणार, आता जीआरएनच महिनाभर काढला नाही तर करा काय करायचं ते. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, टाका की, पुढची ऑर्डर कोण तुमचा काका देणार? म्हणून म्हणतो सबसिडी राहू द्या, सरकारने ४५ दिवसांचा नियम तेवढा नीट चालवावा, बाकी आम्ही बघून घेऊ.

अभि_अलकापुरी
भाऊ उधारीचं दुखणं खरं आहे पण त्याच्यावरून धोरण ठरवायचं का? मोठा कारखाना आला की त्याच्याबरोबर स्टँडर्ड येतं. विमानाचा साधा ब्रॅकेट द्यायचा तरी एएस९१०० हे विमान-उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट लागतं, ते घ्यायला शॉपफ्लोअर बदलावं लागतं, मेजरिंगपासून रेकॉर्ड ठेवण्यापर्यंत सगळं, आणि एकदा ते आलं की मेडिकलवाला, रेल्वेवाला, कोणीही तुम्हाला काम देतो. मलेशियात पेनांगला १९७२ ला फ्री ट्रेड झोन काढला, इंटेलसारख्या कंपन्या बाहेरून आणल्या, त्यांचे जिग-फिक्स्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवायची साधनं) करणारे लोकल वर्कशॉपवाले पुढे स्वतः मशीन एक्स्पोर्ट करायला लागले. रबर आणि कथिल विकणारा देश होता तो. नुसती बिलं वेळेवर मिळाली असती तर हे झालं असतं का?

कोयली_निवृत्त
दोघंही मुळातलं विसरताय. बडोद्यात प्रायव्हेट सेक्टर आला कुठून? कोयलीची रिफायनरी १९६५ ची, प्लॅस्टिकचा कच्चा माल करणारी आयपीसीएल १९६९ ची, दोन्ही सरकारी. खतांची जीएसएफसी राज्याने उभी केली. त्यांच्यामुळे कच्चा माल दारात मिळायला लागला म्हणून नंदेसरीत आजूबाजूला छोटे कारखाने वाढले. त्याच्याही आधी सयाजीराव महाराजांनी १८९० ला कलाभवन हे तांत्रिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तिथल्या गज्जर मास्तरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ ला अलेम्बिक ही औषधांची कंपनी काढली, पुढच्या वर्षी बँक ऑफ बडोदा. शिक्षण आधी, मग भांडवल, मग कारखाना, असा क्रम होता. आणि २००२ ला आयपीसीएलचे २६ टक्के रिलायन्सला विकले तेव्हाही हेच ऐकवलं होतं, प्रायव्हेट आलं की नवनवीन उद्योग येतील. प्रायव्हेट आलं. प्लॅस्टिकचा दाणा मात्र तोच.

मेघा_सीए
काका, क्रम झकास सांगितलात, पण १९६५ ला लायसन्सशिवाय कोणी रिफायनरी काढूच शकत नव्हतं, त्यामुळे "सरकारने केलं म्हणून झालं" हा निकाल जरा एकतर्फी आहे.

मला सगळ्यांच्याच म्हणण्यात एक भोक दिसतं. प्रायव्हेट सेक्टर वाढला म्हणजे अर्थव्यवस्थेला फाटे फुटतात असं आपण धरूनच चाललोय. बांगलादेश बघा. तिथे गारमेंट पूर्ण प्रायव्हेट, सुरुवातीला कोरियाच्या देवू कंपनीकडे लोक शिकायला पाठवले, मग सरकारने दोन गोष्टी केल्या, बाँडेड वेअरहाऊस म्हणजे कापड ड्युटी न भरता आणायचं, आणि बॅक-टू-बॅक एलसी म्हणजे विदेशी ऑर्डरच्या जोरावर कापडाची उधारी. विशेष पैसा न ओतता एवढा मोठा उद्योग उभा राहिला. आणि आज एक्स्पोर्टमधले ८० टक्क्यांच्या वर तेच कपडे! कारण त्या दोन सवलती बाकीच्या उद्योगांना तितक्या सहज मिळाल्याच नाहीत. म्हणजे सुधारणा चांगली होती पण एकाच लाईनीपुरती. आपली सगळी इन्सेंटिव्ह याच जातीची, आज सेमीकंडक्टर, उद्या अजून काहीतरी. साणंदच्या मायक्रॉनच्या चिप कारखान्याला प्रकल्प खर्चाचे ५० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे. ७० टक्के आपलेच, मग त्याला प्रायव्हेट गुंतवणूक म्हणायचं तरी कसं?

आणि मकरपुरावाले, छोट्यांचे लाड करूनही भागत नाही हां. ८०० च्या वर वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या, शेवटच्या २० सुटल्या २०१५ ला. तेवढी वर्षं काय झालं, मोठं झालं की आरक्षण जातं म्हणून लोकांनी एका शेडच्या चार कंपन्या केल्या, एक भावाच्या नावाने, एक वहिनीच्या.

मकरपुरावाला
मेघाताई मी लाड मागतच नाहीये, केलेल्या कामाचे पैसे मागतोय. याला लाड म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

आणि अभि, ते सर्टिफिकेट फुकट मिळत नाही. कन्सल्टंट, ऑडिट, मोजमापाचं सीएमएम मशीन, एवढं करून ऑर्डर येईलच याची गॅरंटी कोण देणार? ४० विमानं झाली की पुढे काय?

अभि_अलकापुरी
पुढे काय हे धंद्यात कोणालाच ठाऊक नसतं राव. मायक्रॉनचे आकडे मलाही जड जातात, पण ते इथे नसते आले तर दुसरीकडे गेले असते, दुसरे देशही थैली उघडून बसलेत. आणि ४५ दिवसांचं म्हणाल तर इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आणलंच ना, मुदतीत पेमेंट नाही केलं तर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. अजून काय करायचं सरकारने?

मेघा_सीए
आणलं, आणि पहिल्याच मार्चमध्ये काही क्लायंट सांगत आले की माल घेणारी पार्टी म्हणते उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) काढून टाका नाहीतर माल घेणं बंद. जीआरएनचं उत्तरही कायद्यात आहे, १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस धरतात.

मकरपुरावाला
कायद्यात आहे, त्यांच्या गेटवर नाही. ट्रेड्स म्हणजे छोट्यांची बिलं बँकेकडून आधीच वटवून घ्यायची ऑनलाईन सोय, तिचंही तेच, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्याच्यावर नाव नोंदवायला लावलं, पण बिल त्यांनी अ‍ॅक्सेप्ट केल्याशिवाय बँक एक पैसा सोडत नाही. नाव नोंदवलं आणि बसले. माझं म्हणणं, माझ्या बिलावर ज्या दिवशी कंपनीने जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणजे माझ्या बिलातला कर आपल्या करातून वजा केला, त्याच दिवशी बिल मंजूर धरा. माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येतच नाही, म्हणजे सरकारला सांगतात माल आला आणि मला सांगतात जीआरएन बाकी आहे!

कोयली_निवृत्त
हे मात्र बरोबर बोललास रे. क्रेडिट घ्यायला दुसरा दिवस लावत नाहीत.

मेघा_सीए
आयडिया चांगली आहे पण अडकेल. माल मिळाला आणि माल पसंत पडला या दोन वेगळ्या गोष्टी, वकील तिथेच धरणार. शिवाय मोठ्या कंपन्या छोट्यांचं क्रेडिट मुद्दाम उशिरा घ्यायला लागतील.

मकरपुरावाला
लाखांचं क्रेडिट कोणी सोडून बसत नाही ताई, त्यांचं रिटर्न दर महिन्याला जातं. पसंत नसेल तर १५ दिवसांत लेखी द्या ना, तुम्हीच तर सांगितलंत.

अभि_अलकापुरी
बरं, हे झालं समजा, पैसे वेळेवर आले. मग एएस९१०० करणार का भाऊ, का परत व्हॉल्व्हच?

मकरपुरावाला
आधी येऊ देत, मग विचार.